पांढऱ्या कागदाचा कोट

आठवा महिना, सव्विसावी

श्वान्न्यू यांस,

जिवंत असाल तर वाचा. नसाल तर ज्याच्या हातात हे पडेल त्याने दोन ओळींत तसं कळवावं, म्हणजे माझी एक कटकट मिटेल.

मी गायल्येन. अक्षर विसरला असाल म्हणून नाव लिहिलं. ते ओळखण्याजोगं कधी नव्हतंच, हिवाळ्याच्या शाळेत दोन थंड्या बसले तेवढीच माझी विद्या.

आत्याचा जावई येनपिंग कोळशाचा ट्रक घेऊन समुद्राकडे जातो. उन्हाळ्यात त्याने तुम्हाला पाहिलं. किनाऱ्यावरच्या एका आवारात तुम्ही समुद्रातलं शेवाळ दोरीवर वाळत घालत होतात, काळ्याहिरव्या लांबच लांब पट्ट्या. त्याने हाक मारली तर तोंड फिरवून वाळूतून चालायला लागलात. त्या आवाराचं नाव त्याने मला सांगितलं, त्यावर हे टाकते आहे. माझ्यासाठी लिहीत नाही. माझ्यासाठी लिहायचं असतं तर पत्ता नसतानाही चार शिव्या लिहून पेटीत टाकल्या असत्या.

कारण असं, की आईंनी पांढरा कागद आणलाय.

दहाव्या महिन्याच्या पहिलीला मेलेल्या माणसांना कागदाचे थंडीचे कपडे जाळून पाठवायचे, हे तुम्हाला सांगायला नको. बाबांना जाऊन यंदा तीन वर्षं पुरी झाली. आता त्यांना रंगीत कागद चालतो, निळा म्हणा, जांभळा म्हणा. पांढरा फक्त नव्या मेलेल्यांचा. म्हणून मी म्हटलं, "आई, दुकानदाराने फसवलं तुम्हाला. पांढरा कशाला दिला?"

"मी मागितला."

"कुणासाठी?"

"माझ्या मुलासाठी."

शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही.

त्यांना स्वप्न पडलं म्हणे. नदी गोठलेली, पलीकडच्या काठावर तुम्ही नुसत्या बनियनवर उभे, खांद्यांवर दंव. त्यांनी हाक मारली तर तुमचे ओठ हलले, आवाज आला नाही, आणि गुडघ्याच्या खाली धुकं होतं, पाय दिसले नाहीत. आता आपल्याकडे जो स्वप्नात येऊन काकडतो आणि बोलत नाही तो कुठल्या गावचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी म्हटलं, येनपिंगने पाहिलाय त्याला.

"येनपिंगला सकाळीच चढलेली असते," आई म्हणाल्या. "त्याने पाहिला तो कुणीतरी शेवाळवाला. मी पाहिला तो माझा मुलगा."

एकदा नाव घेऊन चौकात कपडा जाळला की तो परत घेता येत नाही. जिवंत माणसाच्या नावाने जाळला तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. ते मी मानत नाही, पण गाव मानतं. दुसऱ्या दिवसापासून मी विधवा. दाराला सणाचा लाल कागद नाही, नव्या वर्षाला कुणाच्या उंबऱ्यात पाऊल नाही. विधवा व्हायला मी घाबरत नाही. पण नवरा समुद्रावर शेवाळ वाळवत असताना इथं विधवा होऊन बसायचं, हे काम मी करणार नाही.

तेव्हा पहिलीच्या आत या. नाही जमलं तर तुमच्या हाताने चार ओळी पाठवा. आईंना वाचता येत नाही, पण तुमचं अक्षर त्या ओळखतात.

गायल्येन

नववा महिना, नववी

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी धरून चालते, कारण दुसरं काही धरलं तर हा कागद चुलीत जाईल.

आज नववीचा सण, अख्खं गाव टेकडीवर चढलंय. आम्ही दोघी घरात. विटांचा कांग खालच्या जाळाने छान तापलाय, अंथरुणं गुंडाळून त्यावर कागद पसरलेत, आणि आई तुमच्या मापावर अडून बसल्यात. पेटीतून तुमचा जुना निळा कोट काढला, अंथरला, त्यावर कागद ठेवला. मग म्हणतात, "हा मोठा होईल. तीन वर्षांत माणूस वाळतो."

"समुद्रावर मासे खातो, आई. सुटला असेल."

"मेलेला सुटत नाही."

"मग वाळतो तरी कसा?"

त्यांनी मला कात्रीचं टोक दाखवलं आणि कागद दोन बोटं आत कापला. तेव्हा तुमचं सध्याचं माप हे असं आहे, कळवलं.

दोन कागद आणि मध्ये कापूस. कापूस नवा हवा, रजईतला जुना चालत नाही. कडा खळीने चिकटवायच्या. गुंड्या नाहीत, कागदाच्याच नाड्या. कापूस पसरताना आई स्वतःशी बोलतात, खांद्यावर जास्त हवा, याला खांद्यात वारं लागायचं. एवढं बोलल्या तरी कापूस उडतो, इतका हलका. म्हणून आम्ही तोंड मिटून काम करतो. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे ते. माझ्यासाठी ही शिक्षाच.

काल खळ थंड होईपर्यंत त्यांनी भिंतीची गोष्ट काढली. लग्न होताच नवऱ्याला राजाची माणसं भिंत बांधायला घेऊन गेली. थंडी पडली तशी बायको कापसाचे कपडे शिवून पायी निघाली. पोचली तर तो कधीच मेलेला, भिंतीतच गाडलेला. ती रडली तशी भिंत कोसळली, हाडं सापडली, तिने हाडांना कपडे घातले. तेव्हापासून ही पहिली. दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी डोळे पुसतात.

मी म्हटलं, "बाबा गेले तेव्हा मीही रडले. आपलं कोंबड्यांचं खुराडंसुद्धा कोसळलं नाही."

"तू रडलीस. कपडे घेऊन निघाली नाहीस."

"मी निघाले असते तर तुम्हाला दोन वेळचं कुणी घातलं असतं? त्या भिंतीने?"

त्यावर त्या हसल्या. तुमची आई हसली की एकच दात दिसतो, पण तो पुरतो.

बाबांच्या वेळचं एक तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शवपेटी उचलायच्या आधी मुलाने मातीचं भांडं आपटून फोडायचं. तुमचा पत्ता नाही. चुलतभाऊ बाह्या सरसावून पुढे झाला, कारण भांडं जो फोडतो त्याचं घर, हे त्याला बरोबर माहीत. आई म्हणाल्या, थांब. भांडं उचलून माझ्या हातात दिलं. बाईने भांडं फोडलेलं गावाने पाहिलं नव्हतं. म्हातारे खोकायला लागले. मी एका फटक्यात फोडलं. फोडायच्या आधी जरा थांबले होते तेवढंच. वळणावर धुळीचा लोट दिसत होता आणि मला वाटलं, तुम्ही पळत येताय, खांद्यावर पिशवी, कपाळाला घाम. मेंढ्या होत्या.

त्या आवारातल्या एका माणसाने येनपिंगला सांगितलं म्हणे, की बाबा गेल्याची तार पोचली तेव्हा तुम्ही जुनं काम सोडून गेला होतात, कळलं तेव्हा सगळं आटपून महिना उलटला होता, आणि मग लाज वाटली. लाज मला समजते. पण ती किती वर्षं? लाज म्हणजे काय सरकारी नोकरी आहे, धरली की सोडायचीच नाही?

आता जे लिहिते ते वाचून विसरा. तुमचा कोट तयार झाला. खळ सुकायला अंगणात दोरीवर टाकला. संध्याकाळी दरीतून धुकं वर आलं, अंगण, खुराडं, सगळं पुसून गेलं, फक्त कोट राहिला. वाऱ्याने आतून भरला. बाह्या थोड्या वर, जसा माणूस ओट्यावरून उठताना हात टेकतो तसा. मी कोंड्याचं घमेलं घेऊन उभी होते. आणि मी म्हटलं, "जेवण तयार आहे, हात धुवा."

मोठ्याने म्हटलं. शेळीने वळून पाहिलं.

गायल्येन

नववा महिना, तेविसावी

गठ्ठा पोचला. शेवाळाचा.

आत चिठ्ठी नाही. एकेक पट्टी झटकली, मीठ पडलं, वाळू पडली, एक बारकासा शिंपला पडला. वरचा पत्ता तुमच्या हातचा. म्हणजे माझी पत्रं पोचतात आणि तुम्हाला अजून लिहिता येतं. मग आत का नाही लिहिलं? मी तुमची बायको आहे, टपालखातं नाही.

आईंना पत्ता दाखवला. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, सावकाश, जशा तुमच्या पाठीवरून फिरवायच्या.

"त्याचंच आहे," म्हणाल्या.

"मग? आता तरी पटलं?"

"आधी स्वप्न पाठवलं. आता वस्तू. पुढे काय पाठवतो बघू."

मी एक पट्टी परातीत भिजत घातली. वाळलेली होती तेव्हा चपलेच्या पट्ट्याएवढी. पाण्यात पडली तशी हलायला लागली, उलगडली, परातीच्या काठावरून बाहेर आली, बाहीएवढी झाली, बाहीपेक्षा लांब झाली. घरात वास भरला, मी कधी न पाहिलेल्या जागेचा. आमचं घर डोंगराच्या पोटात, चारी बाजूंनी पिवळी माती, आणि मला वाटलं दार उघडलं तर पाणी असेल. उघडून पाहिलं. नव्हतं. आईंनी आंबूस शिरका घालून शेवाळ खाल्लं. म्हणाल्या, "खारट आहे. रडत रडत बांधलंय."

त्या रात्री मलाही स्वप्न पडलं. मला पडत नाहीत, वेळ नसतो. आपली पायऱ्यापायऱ्यांची शेतं पाण्याखाली होती, हिरव्या पाण्यात, आणि बाजरीची कणसं शेवाळासारखी डुलत होती. मी तळातून चालत होते, तुमचा पांढरा कोट काठीला अडकवून, आणि कोट भिजत नव्हता. वर तुमच्या होडीचं पोट दिसत होतं. मी ओरडले तर तोंडातून बुडबुडे निघाले आणि एकेक करून होडीला जाऊन लागले. टक, टक. तुम्ही काही वाकून पाहिलं नाही.

जागी झाले तर आई माझ्याकडे बघत होत्या.

"कपडे मागत होता ना?"

"नाही. मीच ओरडत होते."

"काय म्हणून?"

"आठवत नाही."

आठवत होतं. इथं लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. तेल आणायला गेले तर दुकानदार म्हणतो, "म्हातारी येईल त्याला सांगते, माझा मुलगा गेला म्हणून. येनपिंगला तर दोनदा सांगितलं. समुद्राकडे जाशील तेव्हा तिथल्या लोकांनाही सांग म्हणाली, त्याच्याकडून वचन घेतलं." हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात कागदवाल्याची गोष्ट आली. ती तुम्हाला आवडायची. कागद जाडाभरडा, खपेना. बायको मेल्याचं सोंग घेऊन शवपेटीत निजली. नवरा रडतोय, कागद जाळतोय. शेजारी जमले. मग आतून टकटक. उघडा म्हणाली, तिकडे कागद म्हणजे पैसा, वाटेत सगळ्यांचे हात ओले केले आणि सुटून आले. संध्याकाळपर्यंत सगळा माल उचलला गेला. तो दिवस म्हणे दहाव्याची पहिली होता. भिंतीवालीपेक्षा मला ही जास्त पटते. तिला घर चालवायचं होतं.

घरी आले, तेलाची बाटली ठेवली आणि म्हटलं, "आई, सोंग पुरे. तो जिवंत आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्याला घाबरवून आणायचंय तुम्हाला."

त्या बाबांच्या कपड्यांचा कापूस पिंजत होत्या. पिंजत राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"जिवंत असता तर आला असता," म्हणाल्या. "आला नाही, म्हणजे मेला. मला तिसरं काही येत नाही, गायल्येन. तुला येतं. तू तीन वर्षं त्या तिसऱ्यातच राहतेस, तिथंच रांधतेस, तिथंच झोपतेस. मी म्हातारी आहे. मला तिथं गारठा लागतो."

मी शेजारी बसले आणि कापूस पिंजायला घेतला. मी, लक्षात घ्या.

म्हणून हे शेवटचं. मी आता त्यांना अडवणार नाही. नाही आलात तर पहिलीला सूर्य कलताना मी चौकात उभी राहीन आणि तुमच्या नावाने हाक मारीन. ती बायकोनेच मारायची असते. आणि अर्धी हाक मारायची मला सवय नाही.

शेवाळ पाठवू नका.

गायल्येन

दहावा महिना, दुसरी, पहाट

तुम्ही कांगवर झोपलायत, तोंड उघडं टाकून. आईंनी तुमचं मनगट धरलंय, झोपेतही सुटलेलं नाही. मी चुलीपुढे बसून लिहिते, कारण बोलायला लागले की माझ्या हातून पातेली आपटतात आणि त्यांची झोप मोडेल. उठलात की वाचा.

काल तुम्ही मागे धुक्यात होतात, तेव्हा पुढे काय झालं ते तुम्हाला दिसलं नसणार.

दिवसभर तुमची वाट पाहिली नाही. आईंनी वरईचे वडे तळले, मी अंगण झाडलं, मग परत झाडलं. येनपिंगचा ट्रक दुपारी यायचा तो आला नाही. तुम्ही त्यातच होतात आणि वाटेत चाक गेलं, हे आता कळलं. ऊन कलल्यावर आम्ही निघालो. तुम्हाला थडगं नाही, म्हणून चौक. धुकं इतकं की शेजारणींच्या फक्त शेकोट्या दिसत होत्या, इथं एक, तिथं एक, जणू कुणी अंधुक पाण्यावर दिवे सोडलेत. बायका हलक्या आवाजात मेलेल्यांशी बोलत होत्या, घट्ट बांध, पुढच्या वर्षी मोठा पाठवते, बाहेर फिरू नकोस.

आईंनी राखेने गोल काढला. त्याचं तोंड उगवतीकडे उघडं ठेवलं, समुद्र तिकडे आहे ना. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी मूठभर कापूस गोलाच्या बाहेर जाळला, म्हणजे ते तुमचा कोट ओढणार नाहीत. मग कोट ठेवला. काडी मला ओढायला लावली.

आधी नाड्या गेल्या. मग आतल्या कापसाने पेट घेतला आणि कोटाची छाती वर आली, एकदाच, माणूस झोपेत उसासा टाकतो तशी. माझा हात पुढे गेला. आईंनी मनगट धरलं. "शिवू नकोस. फाटका पोचेल." मग म्हणाल्या, "हाक मार."

पहिली हाक मी रागाने मारली, शेतातून जेवायला बोलावते तशी. ती तुम्ही ऐकली असणार, ती पार दरीपर्यंत गेली. दुसरी आईंनी पाठीवर थापटलं तेव्हा निघाली.

तिसरीच्या वेळी कोट नव्हताच. राख होती, तिच्या कडेने विस्तवाचा लाल किडा सरकत होता. आणि मला राग आलेला नव्हता. अंग हलकं वाटत होतं, आंघोळ करून उन्हात बसल्यासारखं. मी म्हटलं, श्वान्न्यू, कपडे घ्या आणि नीट जा. मनापासून म्हटलं. ती मेलेल्या माणसाला मारलेली हाक होती. मी तुम्हाला सोडलं होतं, हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे एवढं लिहिते आहे.

तेवढ्यात धुक्यातून तुमची "ओ" आली.

शेजारच्या छाओ काकूंनी टोपली जागच्या जागी टाकली आणि ज्या सुटल्या, त्या एकदम घरात. त्यांच्या सासऱ्यांचे कपडे अजून चौकात पडलेत, सकाळी नेऊन द्या. बाकीच्या बायका गोठल्या. मीही. तुम्ही पातळ सदऱ्यावर चालत आलात आणि गोलाच्या कडेला थांबलात, पाय राखेवर पडू नये म्हणून. फक्त आई वळल्या नाहीत. विस्तव पुरा विझेपर्यंत बघायचा असतो, त्यांनी बघितला. मग तुमच्या पायांकडे बघितलं. बूट चिखलाने भरलेले होते, ते त्यांना आवडलं असावं. पण बोलल्या माझ्याशी.

"त्याला विचार, कपडे पोचले का."

मी विचारलं नाही. तुम्हीच म्हणालात, "पोचले, आई."

"मग घरी चल. इथं काय उभा राहतोस."

एवढंच. तीन वर्षांचा हिशेब म्हाताऱ्या बाईने एवढ्यात मिटवला. तुम्ही तिच्या गुडघ्याशी बसून वडे खाल्लेत, ती तुमच्या दंडावरून कापसाचा अंदाज घ्यायची तसे हात फिरवत होती, आणि मधूनच म्हणाली, "बाही आखूड झाली असती." मी भांडी घासायला बाहेर गेले. पाणी बर्फासारखं होतं. बराच वेळ घासली.

आईंचा मुलगा आला, हे मला दिसतंय. माझा नवरा आलाय का, ते अजून दिसत नाही. तिसऱ्या हाकेला जे सुटलं ते एका "ओ"ने परत गाठीत बसत नाही. तुम्ही म्हणाल, मग मी रात्री तुमचे मोजे चुलीवर वाळत का घातले. ओले होते म्हणून.

आता कामाचं. बाबांचे रंगीत कपडे मी यंदा केलेच नाहीत. आईंना सांगितलं कागदाला ओल लागली. ओल लागलेली नाही. निळा कागद पेटीमागे गुंडाळून ठेवलाय. का ठेवला ते विचारू नका. कापूस टोपलीत आहे. माप आईंना विचारा, त्या चुकीचं सांगतील, तरी तेच घ्या. कापायचं तुम्ही, चिकटवायचं तुम्ही, टेकडीवर नेऊन जाळायचं तुम्ही, आणि तिथं बाबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी सोबत येणार नाही. काल पहिली होऊन गेली म्हणून अडून बसू नका. वसंतात थडगी झाडायला उशीर चालत नाही, पण या सणाला चालतो. थंडी तर पुढे वाढतच जाते, कपडा केव्हाही पोचला तरी अंगावर चढतो. बाबांपुरतं तरी असं आहे.

पीठ डाव्या रांजणात. मी शेळीचं बघायला जाते. खळ मंद विस्तवावर करा आणि जवळ बसून राहा, तुम्ही उठून गेलात की तिच्या लगेच गुठळ्या होतात.

गायल्येन